विधेयक समितीकडे गेले म्हणजे नेमके कुठे गेले?

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की जवळच्या कोंडसकोपच्या मोकळ्या जागेत आंदोलनांचे मंडप पडतात. ऊस उत्पादक येतात, अंगणवाडी सेविका येतात, अतिथी शिक्षक येतात. कुणीतरी मंत्री येऊन निवेदन घेतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. आत मात्र पुष्कळदा असे झालेले असते की विधेयक पुकारले, मंत्री दहा मिनिटे बोलले, विरोधी बाकांवरून गोंधळ झाला आणि 'होय'चा आवाज मोठा ठरून ते मंजूरही झाले. ज्या कलमासाठी बाहेर लोक उन्हात बसले होते, त्या कलमावर आत एक वाक्यही बोलले गेलेले नसते.

विधेयकातला शब्द बदलायची खरी वेळ या मतदानाच्या आधीची असते. एकदा विधेयक खात्यात तयार होत असताना, आणि दुसऱ्यांदा ते समितीकडे गेले तर तिथे. पहिल्या वेळी आपल्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या वेळी विचारतात, पण ती वेळ प्रत्येक विधेयकाला मिळत नाही.

आधी वाट कशी असते ते पाहू. विधानसभेत मंत्री विधेयक मांडतात, हे पहिले वाचन. यात चर्चा जवळजवळ नसते. दुसऱ्या वाचनात तीन-चार रस्ते फुटतात. विधेयक लगेच विचारात घ्यायचे, विधानसभेच्याच निवडक सदस्यांच्या प्रवर समितीकडे द्यायचे, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे द्यायचे, किंवा लोकमत अजमावण्यासाठी फिरवायचे. यातला कुठला रस्ता धरायचा हे प्रस्तावावर ठरते आणि प्रस्ताव बहुमताने मंजूर होतो. म्हणजे सरकारच्या मनात नसेल तर २२४ आमदारांच्या विधानसभेत विधेयक समितीकडे जातच नाही. नंतर कलमवार मंजुरी, तिसरे वाचन, विधान परिषद आणि शेवटी राज्यपाल.

केरळात १९८० पासून विषय समित्या आहेत आणि विधेयक मांडल्यावर ते त्या त्या समितीकडे जाण्याचा तिथे शिरस्ता आहे. कर्नाटकात तसा शिरस्ता नाही. इथे समिती नेमली जाते ती विरोध तापला म्हणून, किंवा सरकारलाच थोडा वेळ हवा असतो म्हणून. दुसरे कारण जाहीरपणे कुणी सांगत नाही, पण तेही तितकेच खरे असते.

'समिती' हा शब्द ऐकला की एक चौकशी आधी करावी, ती नेमली कुणी? आपल्याकडे यात फार गल्लत होते. मंत्रिमंडळाची उपसमिती सरकार नेमते आणि तिचा विधिमंडळाशी संबंध नसतो. निवृत्त न्यायमूर्तींची तज्ज्ञ समितीही सरकारच नेमते. तिचा अहवाल सरकार कपाटात ठेवू शकते. सदन समिती म्हणजे हाऊस कमिटी सभागृहाची असते, पण ती बहुतेक एखाद्या गैरव्यवहाराच्या किंवा प्रश्नाच्या चौकशीसाठी असते. विधेयकाची कलमे हातात घेऊन ती दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त प्रवर समितीला आणि संयुक्त चिकित्सा समितीला असतो. कन्नड कागदपत्रांत संयुक्त समितीचा उल्लेख 'जंटी परिशीलना समिती' असा सापडेल. कामकाज सल्लागार समिती आणखी वेगळी. ती विधेयकाच्या मजकुराला हात लावत नाही, पण कुठल्या विधेयकाला किती वेळ हे तिथे ठरते. बेळगावचे अधिवेशन जेमतेम दहा दिवसांचे असते, त्यामुळे हा वेळच अनेकदा विधेयकाचे भवितव्य ठरवून टाकतो.

या सगळ्याचा उत्तम नमुना बेळगावनेच पाहिला आहे. खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याची दुरुस्ती, २०१७. आधी सरकारने न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांची तज्ज्ञ समिती नेमली होती. जून २०१७ मध्ये विधेयक आले, तेव्हा ते त्या समितीच्या शिफारशींच्या पुढे गेले आहे अशी डॉक्टरांची तक्रार होती. दरांवर सरकारचे नियंत्रण, जिल्हा पातळीवर तक्रार निवारण आणि तुरुंगवासाची शिक्षा यांवरून वाद पेटला. विधेयक आमदार के. एन. राजण्णा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेले आणि अहवाल नोव्हेंबरात, बेळगावच्या अधिवेशनाच्या तोंडावर आला. डॉक्टरांचे समाधान झाले नाही. राज्यभरातून डॉक्टर बेळगावला आले, दवाखाने बंद राहिले, रुग्णांचे हाल झाले. मग मुख्यमंत्र्यांबरोबर बैठका झाल्या, वादग्रस्त कलमे मवाळ केली गेली आणि विधेयक त्याच अधिवेशनात मंजूर झाले.

यात तज्ज्ञ समिती आणि चिकित्सा समिती या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि डॉक्टर एकीचा हवाला देऊन दुसरीच्या अहवालाशी भांडत होते. शिवाय समितीचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हता. अहवालानंतरही सरकार सभागृहात स्वतः दुरुस्त्या आणू शकते आणि इथे तसेच झाले. मात्र जूनमध्ये विधेयक समितीकडे गेले नसते तर नोव्हेंबरपर्यंतचा वेळच कुणाला मिळाला नसता.

बृहत् बेंगळूर प्रशासन विधेयकाचा प्रवास याहून शांत झाला. जुलै २०२४ मध्ये ते मांडले गेले आणि रिझवान अर्शद यांच्या संयुक्त समितीकडे गेले. मूळ मसुद्यात दहापर्यंत महापालिका करता येतील अशी तरतूद होती. समितीने ती मर्यादा सातवर आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहवाल आला आणि मार्चमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. राजधानीचा प्रश्न होता म्हणून सात-आठ महिने मिळाले, हे सीमाभागातल्या माणसाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

कारण दुकानांच्या पाट्यांचा कायदा बघा. पाटीवर ६० टक्के कन्नड हवे, यासाठी सरकारने जानेवारी २०२४ मध्ये वटहुकूम काढायचे ठरवले. राज्यपालांनी तो परत पाठवला. फेब्रुवारीच्या अधिवेशनात विधेयक आले आणि मंजूर झाले, समितीचा टप्पा आलाच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला पडणारे प्रश्न अगदी साधे होते. साठ टक्के मोजायचे ते पाटीच्या क्षेत्रफळाचे की अक्षरांनी व्यापलेल्या जागेचे? कंपनीने पाठवलेल्या छापील फलकाची जबाबदारी कुणाची, दुकानदाराची की कंपनीची? अशी कुरतडणारी चौकशी समितीतच होते. सभागृहात ती केली तर 'भाषेला विरोध' असा शिक्का बसतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

आता समितीच्या आतले काम. सभागृह प्रस्तावात सदस्यांची नावे आणि अहवालाची मुदत ठरवते. समितीच्या अध्यक्षाची नेमणूक सभाध्यक्ष (स्पीकर) करतात. सदस्य पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे घेतले जातात, म्हणून समितीतही सत्ताधाऱ्यांचेच बहुमत असते. विधेयकाशी संबंधित मंत्री सहसा सदस्य असतो. एक तृतीयांश सदस्य हजर नसतील तर गणसंख्या अभावी बैठक पुढे जाते आणि मुदत अशीच सरकत राहते. आधी खात्याचे सचिव विधेयक समजावतात. मग हितसंबंधी लोकांची निवेदने आणि साक्षी. त्यानंतर कलमवार वाचन. निर्णय बहुमताने होतात, समसमान मते पडली तर अध्यक्षाचे मत निर्णायक. ज्याला पटले नाही तो भिन्नमतपत्रिका जोडतो. अहवालाच्या शेवटची ती पाने आवर्जून वाचावीत, कारण कशावर भांडण झाले ते तिथेच कळते.

समितीला मर्यादाही आहेत. विधेयकाच्या विषयाबाहेरची दुरुस्ती तिला करता येत नाही. धन विधेयकावर संयुक्त समिती नेमत नाहीत. सरकारी तिजोरीवर बोजा टाकणाऱ्या तरतुदींना राज्यपालांची शिफारस लागते. समितीपुढे झालेल्या गोष्टी अहवाल सभागृहात येण्याआधी फोडल्या तर हक्कभंग होऊ शकतो. त्यामुळे साक्ष देऊन बाहेर पडल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर सगळे टाकू नये. तुम्ही दिलेले निवेदन तुमचेच असते, पण समितीतली चर्चा तुमची नसते.

अहवाल आल्यावर सभागृह तो जसाच्या तसा स्वीकारू शकते, विधेयक पुन्हा समितीकडे पाठवू शकते किंवा अहवाल बाजूला ठेवून मूळ विधेयकावरही जाऊ शकते.

विधान परिषदेचा डाव

खरी गंमत इथे आहे आणि याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. विधान परिषदेत ७५ सदस्य आहेत. सरकारकडे विधानसभेत बहुमत असते, परिषदेत ते असेलच असे नाही. मग विरोधकांपुढे दोन पर्याय राहतात, विधेयक फेटाळायचे किंवा प्रवर समितीकडे धाडायचे.

फेटाळले तर काय होते ते फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसले. हिंदू धार्मिक संस्था व धर्मादाय देणगी दुरुस्ती विधेयक परिषदेत २३ फेब्रुवारीला आवाजी मतदानाने पडले. सरकारची नामुष्की झाली, मथळे आले. पण विधानसभेने त्याच महिन्यात ते पुन्हा मंजूर केले. राज्यघटनेचा अनुच्छेद १९७ तशी मुभा देतो. परिषदेने फेटाळले की विधानसभा लगेच दुसऱ्यांदा मंजूर करू शकते.

समितीकडे पाठवले तर विधेयक फेटाळलेले नसते आणि मंजूरही झालेले नसते. मग विधानसभेला थांबावे लागते. विधेयक परिषदेपुढे ठेवल्यापासून तीन महिने उलटले की मगच ती पुन्हा मंजूर करू शकते. दुसऱ्यांदा परिषदेकडे गेले की आणखी एक महिना, आणि त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे धरले जाते. कागदावर चार महिने, पण विधानसभेला पुन्हा मंजूर करायला अधिवेशन लागते. तीन महिने सप्टेंबरात संपले आणि अधिवेशन डिसेंबरात असेल तर मधला काळ फुकट जातो. म्हणून परिषदेतले बहुमत हातात असलेल्या विरोधकाला समिती हे फेटाळण्यापेक्षा धारदार हत्यार आहे. जुलै २०२३ मध्ये एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार समिती) कायद्यातील २०२० च्या दुरुस्त्या मागे घेणारे विधेयक परिषदेने प्रवर समितीकडे पाठवले, ते याच हिशेबात बसते. बाजार समितीत माल विकायचा की खासगी मार्केटमध्ये, या वादात अडकलेल्या बेळगावच्या भाजी उत्पादकाचा थेट संबंध त्या विधेयकाशी होता.

राज्यात संयुक्त अधिवेशन बोलावून तिढा सोडवण्याची सोय नाही, ती फक्त संसदेत आहे. शेवटी विधानसभेचेच चालते, परिषद फक्त वेळ खाऊ शकते. धन विधेयकाला तर १४ दिवसांच्या वर अडवताही येत नाही.

सरकारही काही कमी नसते. परिषदेत संख्या नसेल तर विधेयक तिथे नेतच नाही. धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावात मंजूर केले, परिषदेत ते आणलेच नाही. मे २०२२ मध्ये वटहुकूम निघाला. परिषदेतले गणित बदलल्यावर सप्टेंबरात ते तिथेही मंजूर झाले. दोन्ही सभागृहे एकाच वेळी चालू असतील तर वटहुकूम काढता येत नाही आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो कायद्यात बदलला नाही तर गळून पडतो.

विधेयक समितीत असताना अधिवेशन संपले म्हणून ते मरत नाही. विधानसभा विसर्जित झाली तर मात्र विधानसभेपुढचे आणि विधानसभेने मंजूर केलेले पण परिषदेत अडकलेले अशी दोन्ही विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. फक्त परिषदेत मांडलेले आणि विधानसभेपर्यंत न पोहोचलेले विधेयक वाचते. त्यामुळे निवडणूक वर्षभरावर आली असताना एखादे विधेयक समितीकडे गेले, तर ते तिथेच संपवायचा विचार आहे का, ही शंका घ्यायला हरकत नाही.

महाराष्ट्रात तर हे घडलेच. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आले आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे संपले. डिसेंबरात पुन्हा मांडून संयुक्त चिकित्सा समितीकडे दिले, लोकांकडून हजारोंच्या संख्येने सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये दुरुस्त्यांसह ते मंजूर झाले. सीमेपलीकडच्या या बातम्या आपण रोज वाचतो, पण त्यावरून एक गैरसमज पक्का होतो. मुंबईच्या समितीला पाठवलेल्या सूचनेचा खानापूरच्या माणसाला काही उपयोग नाही. त्याचा कायदा बेंगळुरात होतो.

निवेदन कसे लिहायचे

समिती नेमली की सूचना मागवणारी जाहिरात किंवा प्रसिद्धीपत्रक निघते. मुदत थोडी असते. निवेदन विधानसभेच्या किंवा परिषदेच्या सचिवांच्या नावे, समितीचे आणि विधेयकाचे पूर्ण नाव घालून पाठवायचे. मंत्र्यांच्या बंगल्यावर दिलेले किंवा पालकमंत्र्यांच्या हाती ठेवलेले निवेदन समितीच्या फायलीत आपोआप जात नाही. आपल्याकडची निम्मी मेहनत इथेच वाया जाते.

विधेयकाची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कन्नड आणि इंग्रजीत मिळते. शेवटचे 'उद्देश आणि कारणे यांचे निवेदन' आधी वाचा, म्हणजे सरकारला काय हवे ते कळते. मग दंड आणि शिक्षेचे कलम, आणि 'सरकार नियम करील' असे जिथे जिथे लिहिले आहे ती कलमे. मधली व्याख्यांची पाने कंटाळवाणी वाटतात, पण कायदा कुणाला लागू होणार हे तिथेच ठरलेले असते.

'आमचा तीव्र विरोध आहे, विधेयक मागे घ्यावे' असे एका ओळीचे पत्र शंभर सह्यांनी गेले तरी समितीच्या तक्त्यात त्याची एकच नोंद होते. समितीला हवा असतो तो शब्दाला शब्द. पाट्यांचेच विधेयक समितीकडे गेले असते असे समजू. तर निवेदनाचा मासला असा झाला असता. कलमाचा आकडा कल्पित आहे, मांडणी मात्र अशीच ठेवा:

'कलम ३(२). सध्याचे शब्द: पाटीच्या साठ टक्के. सुचवलेले शब्द: पाटीवरील अक्षरांनी व्यापलेल्या जागेच्या साठ टक्के. कारण: चित्र किंवा बोधचिन्ह असलेल्या पाटीवर क्षेत्रफळ धरले तर मोजणारा अधिकारी बदलला की दंडाचा निर्णय बदलेल. परिणाम: कन्नडचे प्रमाण कमी होत नाही, मोजमाप स्पष्ट होते.'

एवढ्या चार ओळी अधिकारी थेट तुलनात्मक तक्त्यात उतरवून घेतो. प्रत्येक कलमाला वेगळा परिच्छेद, एका निवेदनात तीन-चार कलमांपेक्षा जास्त नको, आणि शेवटी 'समितीपुढे तोंडी म्हणणे मांडायची संधी द्यावी' ही ओळ हवीच. ती नसेल तर बोलावणे येत नाही. संस्थेच्या नावाने द्यायचे असेल तर नोंदणी क्रमांक आणि ठरावाची प्रत जोडा.

भाषेचे म्हणाल तर गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतो. तो मराठीत द्यावा. पण सुचवलेल्या दुरुस्तीचे नेमके शब्द कन्नडमध्ये आणि शक्य तर इंग्रजीतही सोबत जोडावेत, कारण दुरुस्ती विधेयकाच्या भाषेतच होणार. भाषांतर समितीच्या कार्यालयावर सोडले तर तुमचे 'अक्षरांनी व्यापलेली जागा' हे शब्द वाटेत हरवायची शक्यता जास्त. सभागृहात आमदाराला मराठीत बोलायचे असेल तर अनुच्छेद २१० प्रमाणे सभाध्यक्षांची परवानगी लागते, तीही कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तरच.

समितीच्या बैठका बहुधा बेंगळुरात, विधानसौधात होतात. बेळगावहून पाचशे किलोमीटर जाणे प्रत्येकाला जमत नाही. म्हणून समितीचे सदस्य कोण आहेत ते पाहून त्यातला जवळचा गाठावा. बेळगाव जिल्ह्यात १८ आमदार आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून परिषदेवर दोन सदस्य जातात, आणि वायव्य पदवीधर व वायव्य शिक्षक मतदारसंघ बेळगाव, विजापूर, बागलकोट मिळून आहेत. संयुक्त समितीत दोन्ही सभागृहांचे लोक असल्याने यातला एखादा सापडायची बरीच शक्यता असते. ग्रामपंचायत सदस्यांना हे विशेष सोपे आहे, कारण मुख्यतः त्यांच्याच मतांवर परिषदेतले हे दोघे निवडून येतात.

विधेयक समितीविना मंजूर झाले तरी एक फट उरते. दंड किती, अर्ज कुठला, मोजणी कशी, हे बहुतेक वेळा कायद्यात नसून नियमांत असते. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी बहुधा १५ किंवा ३० दिवस मिळतात. त्या हरकती संबंधित खात्याच्या सचिवांकडे द्यायच्या असतात. पुढे ते नियम सभागृहापुढे ठेवले जातात आणि कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर ते गेले आहेत का, हे तपासायला विधिमंडळाची वेगळी समिती असते. तिलाही पत्र लिहिता येते. फक्त पत्रात नियमाचा क्रमांक आणि तो ज्या कलमाखाली केला आहे त्या कलमाचा क्रमांक असे दोन्ही घालावेत, नाहीतर ते उत्तरासाठी त्याच खात्याकडे परत जाते.